पहिला फूट नसलेली फीत

मी मोजणीची फीत. शंभर फुटांची म्हणून जन्मले आणि नव्याण्णव फुटांवर जगले. त्या गेलेल्या एका फुटापायी माझ्या मालकाच्या माथी जी चूक मारली गेली, ती मला मान्य नाही.

जाड कापडात तांब्याच्या तारा विणून मला घडवलं, कातडी डबीत गुंडाळलं आणि लष्कराच्या पूल बांधणाऱ्या तुकडीत धाडलं. दुसऱ्याच महिन्यात एका ट्रकच्या चाकाखाली माझा पहिला फूट चिरडून तुटला. भांडारातून उत्तर आलं, "लढाई संपली की नवी मागा." तेव्हापासून मालक माझी एकची खूण काठावर धरी, आकडा वाची, मनातल्या मनात एक वजा करी आणि मगच वहीत लिही. सोबत्यांनी त्याचं नाव 'वजाबाकी' ठेवलं. "काय वजाबाकी, रजा सात दिवसांची मिळाली की सहा?" तो हसून सोडून देई.

मग तो ओढा आला. मालकाने वहीत लिहिलं, बावीस फूट. साहेब नवे होते. फीत तुटकी आहे एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. हुशारीने त्यांनी आणखी एक वजा केला आणि एकवीस फुटांच्या हिशेबाने तुळया कापवल्या. एका काठावर तुळयांना टेकायला जेमतेम वीतभर जागा उरली. पहिलाच ट्रक खाली गेला, चालकासह. चौकशीत मालक घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिला. वही कोणी उघडली नाही. त्याच्या लष्करी सेवेच्या नोंदीवर शेरा पडला: माप एक फूट कमी दिले.

घरी आल्यावर त्याने मला दारामागच्या खिळ्याला टांगलं आणि ओढ्याचं नाव काढलं नाही. तो गेल्यावर लेकीने मला खाली उतरवलं. ती विद्यापीठात शिकवते. पुराव्यावाचून बापाचंही ऐकायचं नाही, हा तिचा खाक्या. आई चिडली. "त्यांच्यावर तुझाही भरवसा नाही?"

"भरवसा दफ्तरात चालत नाही, आई."

तीन वर्षं तिने अर्ज केले, फायली उपसल्या, शेवटी ती वही शोधून काढली. आज ती मला घेऊन सरकारी दफ्तरखान्यात बसली आहे. समोर चष्मा कपाळावर चढवलेले दफ्तरदार.

"बाई, वहीत बावीस आहे, कबूल. पण फीतच तुटकी. म्हणजे त्यांनी दिलेलं माप वजा जाता एकवीसच. मग चौकशीचं काय चुकलं?"

मी डबीत ताठ झाले. इतक्या वर्षांनी तीच हुशारी.

"त्या साहेबांनीही हेच केलं," लेक शांतपणे म्हणाली. "वजा केलेल्यातून पुन्हा वजा."

"कशावरून?"

"याच पानावर, त्याच आठवड्यात, एका दगडी पुलाची रुंदी लिहिली आहे. एकोणीस. तो पूल अजून उभा आहे. मी जाऊन साध्या पट्टीने मोजला, दोनदा. एकोणीसच भरला. आता या फितीने मोजला तर आकडा किती येईल?"

दफ्तरदारांनी चष्मा नाकावर ओढला. बोटांवर मोजलं. "वीस," ते हळूच म्हणाले. "म्हणजे तुमच्या वडिलांनी आधीच..." मग घसा खाकरून, "पण शेरा खोडता येत नाही हो. फार तर खाली टिपण जोडता येईल."

"खोडूच नका. काय केलं होतं ते लोकांना दिसू दे. टिपण जोडा, वही जोडा आणि ही फीतही."

तिने माझी डबी पुढे सरकवली. हात मात्र लगेच उचलला नाही.

आता मी त्या शेऱ्याच्याच खोक्यात राहणार. जो कोणी तो वाचेल, त्याला मला उलगडावं लागेल. एवढंच मागणं: मला दया म्हणून नवा फूट जोडू नका. मी अशीच तुटकी बरी. माझ्या मालकाचं माप बरोबर होतं.