शंका

कारखान्याच्या परीक्षकाने चव बघायच्या सिगारचं टोक कापलं आणि ती ओठांत धरली, तेवढ्यात त्याची मेहुणी खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हाताला तंबाखूच्या पानाचा चिकट डाग तसाच होता.

"भाऊजी, ताई गेली."

"घरी ना? बरं झालं," तो म्हणाला. "सकाळपासून सांगतोय तिला, बरं वाटत नसेल तर घरी जा म्हणून."

त्याने काडी पेटवली. ती बोटापर्यंत जळत आली तरी मेहुणी दारातच होती, तेव्हा त्याने ती विझवली आणि सिगार टेबलावर ठेवली.

बायकोने तिच्या जागेवरच प्राण सोडला होता, सिगार वळणाऱ्यांच्या दालनात, खिडकीजवळच्या टेबलाशी. बायकांनी तिला बाकावर आडवं केलं होतं. मालक वरून धावत आला. त्याने परीक्षकाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग मुकादमाकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "तिच्या हातच्या सिगार वेगळ्या ठेवा."

ते ऐकून दोन-तीन बायका रडल्या. परीक्षकालाही ते बरं वाटलं. म्हाताऱ्या मालकानंतर गादीवर बसलेला हा पोरगा, पण माणुसकी आहे, असं त्याने त्या दिवशी घरी आलेल्या चारचौघांना सांगितलंसुद्धा.

तो कामावर परतल्यावर मेहुणीने त्याला पानं दमट करायच्या खोलीत गाठलं. तिथे सहसा कोणी येत नाही.

"ताईने सुट्टी मागितली होती. डॉक्टरने सांगितलं होतं, धुळीत बसू नका, छाती खराब झालीय."

"मला कसं माहीत नाही?"

"तुम्हाला सांगू नको म्हणाली. तुम्ही जाऊन भांडाल म्हणून. मालक म्हणाला, एवढा माल उरकून दे, मग महिनाभर झोप. मी शेजारच्याच टेबलावर होते, भाऊजी. तिला पान उलगडायला दम पुरत नव्हता."

हातातलं पान त्याने घडी घालून पुन्हा ढिगावर ठेवलं, आणि ते चुकीच्या ढिगावर ठेवलं.

काही दिवसांनी मालकाने त्याला वर बोलावलं. टेबलावर गडद लाकडाची, पितळी कडीची पेटी होती. झाकणावर कोरलं होतं : अखेरचा हात.

"मर्यादित आवृत्ती, काका," मालक म्हणाला. "काकूंच्या हातचा शेवटचा माल. खरेदीदार आत्ताच मागे लागलेत. असा माल परत होणे नाही."

"नाही," परीक्षक म्हणाला. "कसा होणार?"

"त्यांचं नाव राहील. तुमची पसंती तेवढी द्या, म्हणजे सील लावतो."

परीक्षकाच्या पसंतीशिवाय या कारखान्यातून माल बाहेर जात नसे. बाहेरचे खरेदीदार पेटीवर आधी त्याचा शिक्का शोधायचे. जिना उतरताना त्याने वाक्य मनात तयार केलं : पान कच्चं आहे, माल जाण्यालायक नाही. आयुष्यात तो ओठांवरच्या धुराशी खोटं बोलला नव्हता. आता बोलणार होता, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पेटीवर कोरलेली ती अक्षरं मालकाने स्वतःच्या हाताने खरवडावीत, एवढंच त्याला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मालक समोर खुर्ची ओढून बसला. परीक्षकाने पेटीतली एक सिगार उचलली, कानाशी धरून बोटांनी हलकेच दाबली, टोक कापलं, पेटवली. पहिल्या झुरक्यात सुक्या लाकडाचा वास आला, मागून मिरीसारखा तिखटपणा. पान उत्तम मुरलेलं होतं. मग धूर अडू लागला. त्याने जोराने ओढलं, गाल आत गेले, तरी धूर जेमतेमच आला. राख एका बाजूने वाकडी चढत गेली.

सिगार फार घट्ट वळली होती. हातात जोर नसलेलं माणूस, सुटेल या भीतीने, सगळं अंग टेबलावर टाकून वळतं, तशी.

म्हणजे खोटं बोलायची गरजच नव्हती. माल खरोखरच नापास होता. हे सांगितलं की मालकाची पेटी बाद झाली असती, आणि बायकोचा माल आयुष्यात पहिल्यांदा परत आला असता. कोणाची सिगार आहे हे त्याला कधी कळू देत नसत. तरी ती संध्याकाळी भाकरी थापता थापता विचारायची, "अहो, आज माझी होती ना? चेहऱ्यावरून कळतं." तो म्हणायचा, "तुझी असती तर खोकलो नसतो का?" ती पिठाच्या हाताने त्याला मारायला धावायची.

"काय म्हणता काका?" मालकाने विचारलं.

परीक्षकाने शेवटपर्यंत ओढलं. बोटं भाजायला लागली तेव्हा थोटूक ठेवलं.

"शंका आहे. अजून एक लागेल."

शंका आली तर त्याच मालातली दुसरी मागायची, आणि जीभ ताजी राहावी म्हणून ती दुसऱ्या दिवशी ओढायची, हा म्हाताऱ्या मालकाचा नियम. किती वेळा शंका घ्यायची, याबद्दल म्हातारा काही बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशीही शंका राहिली. तिसऱ्या दिवशी मालक हसून म्हणाला, "काका, उतारवयात संशयी झालात." त्यानंतर तो हसला नाही.

"ओढूनच संपवणार काय? परत करणारं कोणी नाही आता."

"म्हणून तर नीट बघतोय, मालक. मर्यादित आहे."

"दुसरा परीक्षक आणू?"

"आणा की. पहिल्याने का सोडलं असं खरेदीदार मला विचारतील. मग मला सांगावं लागेल, ही बाई कसल्या अवस्थेत बसून वळत होती ते."

मालक उठून गेला. खरेदीदार दोनदा येऊन परत गेले.

एक दिवस मेहुणी थोटकं झाडायला आली. "भाऊजी, ताईच्या हातचं सगळं जाळून टाकताय. एखादी तरी घरी ठेवा."

"घरी ठेवून काय करू? विकली गेली नाही, बास झालं."

कधी मधेच एखादी चांगली निघे, तिला श्वास पुरत होता तेव्हाची. धूर सहज येई, राख सरळ पांढरी उभी राही. त्या दिवशी तो खिडकी लावून घेई आणि कोणी हाक मारली तरी ओ देत नसे. खोलीतून बाहेर आल्यावर मात्र तेच सांगे : शंका आहे.

पेटीच्या तळाचं लाकूड आता दिसू लागलं आहे. मालक रोज एकदा दारापर्यंत येतो आणि पेटीत डोकावून परत जातो.

निकाल अजून द्यायचा राहिला आहे.