वझं घालून बघा

विश्रामबागेतल्या लॅपटॉपच्या दुकानात शिरताना मायाने मनात एकच धावा केला होता: दुकानदाराच्या तोंडून 'गेमिंग' हा शब्द निघू नये.

दुकानदार अमृतने तो पहिल्याच दमात काढला. "मेकॅनिकलला प्रवेश मिळालाय ना? मग काका, हा गेमिंगचाच घ्या."

तिच्या वडिलांचा, बिरदेवआबांचा, चेहरा आक्रसला. भावकीतला धैर्यशील गेमच्या नादाने पहिल्याच वर्षी इंजिनिअरिंग सोडून आटपाडीला परतला होता. तेव्हापासून आबांच्या लेखी गेम आणि गुटखा एकाच पंगतीत बसायचे.

"तसला नगं. अभ्यासाचा दावा."

अमृतने दुसरा काढला. पातळ, चंदेरी, देखणा. यंत्रांची चित्रं सगळ्या बाजूंनी फिरवून बघायची तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि पातळ अंगात उष्णता कोंडली की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, हे मायाला ठाऊक होतं. पण ते सांगायला तोंड उघडलं, तर 'तुला गं कसं ठावं?' हा प्रश्न ठरलेला. मामेभाऊ सूरजच्या कॉम्प्युटरवर ती गाड्यांची शर्यत खेळायची, आणि पुढेही तिला खेळायचं होतं.

"चालवून दावा," आबा म्हणाले.

अमृतने एक पत्र टाइप करून दाखवलं.

"आवं, हे तर मोकळंच फिरीवताय! खरसुंडीच्या बाजारात बैल घेताना भरल्या गाडीला जुंपून चढ चढीवतो आमी. मोकळा बैल कुणाचाबी देखणाच दिसतो. वझं घाला."

अमृत हसला. "वझं घालायचं तर माझ्याकडं एकच वस्तू आहे काका. गेम."

आबा घुटमळले. पण न जुंपता जनावर घेणं त्यांना जमणारं नव्हतं. "घाला. दोन्हीवर घाला."

अमृतने पातळ लॅपटॉपवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून गाडी सोडली. ती पहिल्याच वळणावर कठड्याला भिडली. पुन्हा सोडली, पुन्हा भिडली.

"गाडी हुबीच हाय की! वझं कुठं पडतंय?" आबा वैतागले.

खरंच पडत नव्हतं. गाडी भिडली की गेमच थांबत होता आणि प्रोसेसर निवांत होता. असाच निवांत राहिला तर हा देखणा लॅपटॉप पास होणार आणि चार वर्षं तिच्या माथी बसणार.

"सरका जरा," माया म्हणाली.

गाडी सुटली. कठडा नाही, खांब नाही, वळणामागून वळण. थोड्याच फेऱ्यांत पंखा किंचाळायला लागला, चित्र अडखळायला लागलं. आबांनी खालून हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"धाप लागली की रं ह्याला!"

मग जाडा, पहिला गेमिंगचा. त्याचा पंखा घोंगावला, पण गाडी पळतच राहिली. मायाने मान वर केली. आबा स्क्रीनकडे नाही, तिच्या बोटांकडे बघत होते.

"एका दिसात येत न्हाई हे."

"न्हाई आबा. सूरजदादाकडं खेळते. बारावीलाबी खेळले. ह्याच्यावरबी खेळणार हाय." तिने जाडा आबांकडे वळवला. "पण यंत्रांची चित्रं ह्याच्यावर नीट निघतील. त्या पातळ्याला हीच धाप लागंल."

अमृत उगाच काउंटर पुसू लागला.

"बारावीला खेळून प्रवेश घेतलास व्हय?"

"व्हय."

आबा जाड्या लॅपटॉपच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "आपला सर्जा बैल नांगराला चालायचा अन् जत्रंला शर्यतीतबी पळायचा. पेरा झाल्याबिगर मातूर मी त्याला पळीवला न्हाई कवा." मग अमृतकडे वळून म्हणाले, "मालक, जाडा बांधा. अन् ती शर्यत त्यातच ऱ्हाऊ द्या."

एसटीत मायाने पिशवी मांडीवर घेतली. मिरज मागे पडल्यावर आबा तिच्याकडे वळले.

"ते शेवटचं वळण तू आतनं घेतलंस न्हवं?"

"व्हय."

"सर्जाबी आतनंच घ्यायचा."