सीट टोचते

सायकलच्या बाबतीत मिस्त्रीला कुणी शिकवायला गेलं की त्याचं डोकं फिरायचं. आसपासच्या गावांतल्या सायकली त्याच्या अंगणात उलट्या पडायच्या आणि ठणठणीत होऊन जायच्या. म्हणून त्याची थोरली मुलगी "सीट टोचते" म्हणाली, ते त्याला चांगलंच लागलं. भंगारातून एकेक भाग जमवून त्यानं तिच्यासाठी ती सायकल उभी केली होती. हायस्कूल लांब, वाटेत चढ. सायकल नसती तर पोरीची शाळा केव्हाच आटोपली असती.

त्यानं सीट खाली घेतली, मग वर केली, मग स्प्रिंगा बदलल्या. तरी दर महिन्याला तेच. पोरगी सायकल हातानं ढकलत घरी यायची आणि पुढचे काही दिवस शाळेचं नाव घ्यायची नाही. शेवटी मिस्त्री वैतागला. शिकायचंच नसेल तर सायकल विकून टाकू म्हणाला, उगाच माझ्या कामाला नावं नकोत. गिऱ्हाईकही बघून ठेवलं.

सीटचा काही दोष नाही, हे त्याच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं. पाळीच्या दिवसांत पोरीच्या मांड्या सोलवटायच्या, पुरळ उठायचं. आईनं आपल्याला शिकवलं तेच तिनं लेकीला शिकवलं होतं: कापड धुवायचं आणि पत्र्याच्या पेटीमागं वाळत घालायचं. तिथं ऊन कधी फिरकत नसे. कापड वाळायचं कसलं, नुसतं कुबट व्हायचं. तिनं स्वतः सगळा जन्म त्यातच काढला होता. खाज सुटली की ओठ दाबून भांडी घासायची, एवढाच तिचा उपाय.

लेकीला घेऊन ती आरोग्य केंद्रात गेली. नर्सबाईंनी मलम दिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की कापड साबणानं धुवा आणि भर उन्हात वाळवा, वर काही झाकू नका. पुन्हा ओलसर कापड घेतलं तर जखमा चिघळतील.

नर्सबाईंना सांगायला काय जात होतं? घरामागं दिवसभर शेजाऱ्याच्या भिंतीची सावली. ऊन काय ते पुढच्या अंगणात, आणि अंगणात नवऱ्याचं दुकान. पंक्चर निघेपर्यंत गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसलेले बाप्ये. नवऱ्याशी बोलावं तर जीभ उचलेना. इतक्या वर्षांच्या संसारात हा विषय दोघांत कधी निघालाच नव्हता.

मग तिनं एक शक्कल लढवली. अंगणात एक तार होती, तिच्यावर मिस्त्रीची हात पुसायची फडकी धुऊन वाळत असत. त्या फडक्यांत लेकीची कापडं गेली तर कोण बघतंय? तिनं घातली, आणि खरंच कुणी बघितलं नाही. थोरलीच्या मांड्या बऱ्या झाल्या. ती पाळीतसुद्धा सायकलवरून शाळेला जाऊ लागली. मिस्त्रीला वाटलं, हा आपल्या स्प्रिंगांचा गुण. तसं त्यानं चारचौघांत मिशीला पीळ देऊन ऐकवलंही. बायकोला मनातल्या मनात हसू आवरेना.

एका सकाळी ती बादली घेऊन दारात आली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मिस्त्रीनं हात लांबवून तारेवरचं कापड ओढलं होतं आणि त्याच कापडानं तो चेनचं ग्रीस पुसत होता. थोरली शाळेला निघालेली. तिनं सायकल खांबाला टेकवली.

"बाबा, ते माझं आहे."

"काय तुझं?"

"ते कापड. पाळीचं." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "उन्हात वाळलं नाही की मांड्या सोलवटतात. म्हणून सायकलवर बसवत नव्हतं."

मिस्त्रीनं हातातल्या काळ्याभोर कापडाकडं पाहिलं. मग सायकलकडं.

"म्हणजे सीट चांगली होती?"

"चांगलीच होती की."

तो उठून नळाकडं गेला. नळाखाली कापड घासत बसला, पण ग्रीस काही जाईना. लेक शाळेला गेल्यावर त्यानं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं सकाळपासून ऊन असतं तिथं, नवी तार ताणली आणि जुने स्पोक वाकवून तिला आकड्या लावल्या. बायको आतून बघत होती आणि कपाळाला हात लावत होती. फडक्यांच्या गर्दीत निदान लपत तरी होतं; आता गावभर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेकीनं धुतलेली कापडं खुशाल त्या तारेवर लावली. थोड्या वेळानं दूधवाला आला, उतरलेली चेन स्वतःच चढवून बसला आणि बरबटलेला हात त्याच तारेकडं नेला.

"तिथं हात लावू नका," मिस्त्री ट्यूब घासता घासता म्हणाला. "पोरीची पाळीची कापडं आहेत. तुमचं फडकं इकडं."

दूधवाल्यानं हात मागं घेतला आणि आपल्याच पँटीला पुसला. मिस्त्री ट्यूब घासतच राहिला.

बायको दाराआड उभी होती. तिचे डोळे भरून आले. ती आत गेली, पत्र्याची पेटी पुढं ओढली आणि तिच्यामागचं स्वतःचं ओलसर कापड काढून पुन्हा साबणानं धुतलं. ती अंगणात आली तेव्हा दूधवाला अजून बसलेलाच होता. तिनं ते झटकलं आणि लेकीच्या कापडाशेजारच्या आकडीला लावलं.