कोऱ्या भिंतीवरची अक्षरं

निघोज्याच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी पाय ठेवायला जागा न्हवती. कंपन्यांना सुट्टी, त्यामुळं निम्मी पहिली शिफ्ट तिथंच. स्टेजवर नेत्रमहाराज.

"भक्तांनो, डॉक्टर नुसती काच पुसतात. मी आतला दिवा लावतो. क्वांटम दिवा."

कसला दिवा, ते कुणी इचारलं न्हाई.

"मोशीतला आंधळा बैल माझ्या दोन थेंबांनी बघायला लागला. एकटा बाजार करून आला."

तो बैल माझा. म्हंजे दळणाच्या रांगेत बायकांना हसवायला मीच रचलेला. आन् तीच थाप ऐकून माझा ल्योक गणराज इथं आलावता.

गणराज चाकणच्या कंपनीत फोर्कलिफ्ट, म्हंजे माल उचलायची गाडी चालवतो. बापाची, धोंडीबाची नजर मधोमध काळी पडत गेली, तसंच याचं. महिन्यामागं त्यानं रॅक पाडला, खालचा माणूस थोडक्यात वाचला. तवापासून रजेवर. आता म्हणत होता, "सोमवारी परत गाडीवर बसतो, आये."

मी भ्याले. त्याच्या लेकीला, योगिनीला, फोन करून बोलावलं. आजोबांचे डोळे गेले तवापासून ती याच रोगामागं लागली. बारा वर्षं प्रयोगशाळेत हाय.

महाराजांनी गणराजच्या डोळ्यांत थेंब सोडले. मागं भिंतीवर अक्षरांचा तक्ता. गणराजनं वरपासून खालपर्यंत धडाधड वाचला. टाळ्या.

योगिनी पुढं झाली. "महाराज, मी डोळ्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. अजून दोन थेंब घाला. अण्णा, डोळे मिटा."

"बघा, विज्ञानसुद्धा शरण आलं," महाराज खुशीत म्हणाले आन् थेंब सोडले.

गणराजनं डोळे मिटले तसा तिनं तक्ता उतरवून पाठीमागं धरला. "डोळे उघडा. वाचा आता."

गणराज कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडं बघून वाचू लागला. "क, प, र. म, ट, ग, न..." पार शेवटच्या ओळीपर्यंत. एक चूक न्हाई.

योगिनीनं पाठीमागं धरलेला तक्ता गणराजच्या हातात दिला.

"कंपनीच्या मेडिकलला वीस वर्षं हाच तक्ता," योगिनी म्हणाली. "नापास झालं तर मशीनवरचं काम जातं, म्हणून रांगेत सगळे पाठ करतात. महाराजांनी तोच आणला, आणि स्टेजवर फक्त कंपनीवाल्यांना बोलावलं. अण्णा, खरंच दिसलं का?"

"दिसल्यासारखं वाटलं." मग हळूच, "लोकांपुढं आंधळं केलंस मला, पोरी."

"तुमच्या गाडीखाली कुणी आलं असतं."

"मग तुझं औषध दे."

"विषाणूच्या पाठीवर चांगला जीन, म्हणजे जनुक, बसवून डोळ्यात सोडतो आम्ही. एखाद्या रोगात जमलंय. तुमच्या रोगात अजून नाही. तुम्ही असेपर्यंत जमेल का, माहीत नाही."

माझ्या बैलावर समद्या गावाचा इश्वास बसला. विषाणूवर बसून औषध जातं म्हणलं, तर म्हणतात म्हातारी फेकते. अन् तेवढंच एक खरं हाय.

सोमवारी गणराज कंपनीच्या डॉक्टरापुढं उभा राहिला. "साहेब, तक्ता बदला, मग मला तपासा." मागं रांगेत तक्ता पुटपुटणारे चौघं हळूच मागं सरकले. गणराजच्या हातची फोर्कलिफ्ट गेली. योगिनीला मी बोलावलं म्हणून अजून माझ्याशी धड बोलत न्हाई.

दळणाच्या रांगेत जाऊन मी बैल मागं घेतला. तुमाला एवढंच सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर आधी भिंतीवरचा तक्ता उतरवा. टाळ्या मग वाजवा.