आम्ही चौघं

टक्.

डब्याची कडी बसली आणि सगळं घर जागं झालं असं मला वाटलं. ओट्याला टेकून मी श्वास धरून उभी राहिले. आतल्या खोलीत धाकट्याने कूस बदलली. मोठी काही हलली नाही. ही कडी पहिल्यापासून तिरकी आहे. अंगठ्याने जोर लावून बसवावी लागते, आणि बसली की कुणाला तरी चापट मारल्यासारखी वाजते. घरात ती फक्त मलाच बसवता येते, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा मान वाटतो.

रविवार होता. पोरांना अजून झोपू द्यायचं होतं. डब्यात उकडलेली अंडी होती, लोणी लावलेला ब्रेड, काकडीच्या चकत्या, एका कोपऱ्यात कागदाच्या पुडीत मीठ. चार जणांचं खाणं. चौथं माझं.

मुलांच्या बाबाने घर सोडलं त्याला वर्ष होत आलं. फार मोठं भांडण झालं नव्हतं. "मला जरा मोकळं राहू दे," एवढंच तो म्हणाला, जणू मी त्याला दावणीला बांधून ठेवलं होतं. तेव्हापासून तो दर रविवारी सकाळी खाली येऊन हॉर्न वाजवतो, मुलांना फिरायला नेतो आणि संध्याकाळी आणून सोडतो. ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखी, वेळेत आणि पानं न दुमडता. बाग झाली, प्राणिसंग्रहालय झालं, कुठलंसं विमानांचं प्रदर्शनही झालं. मी ते सगळं धाकट्याच्या तोंडून ऐकते. मोठी काही सांगत नाही. तिच्याकडे एकच वाक्य असतं, "आम्ही जेवून आलोय."

आपल्या भाषेने ही एक सोय करून ठेवली आहे. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर. 'आपण' म्हटलं की आत. ज्या घरात वर्षानुवर्षं 'आपण' चालतं, तिथे हे दार आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या लक्षात आलं, कारण ते माझ्या नाकासमोर लागलं.

मी मुलांच्याच शाळेच्या बसवर असते. दाराशी घडीची सीट आहे, तिथे माझी बैठक. मुलांना चढवायचं, उतरवायचं, मारामाऱ्या सोडवायच्या, कुणाला मळमळलं तर पिशवी धरायची. सगळी बस मला ताई म्हणते. धाकटा आई म्हणतो. मोठी काहीच म्हणत नाही. नववीत गेली तेव्हा तिने माझ्याशी रीतसर करार केला होता.

"बसमध्ये माझ्या केसांना हात लावायचा नाही. आणि बाकीच्यांना विचारतेस तेच मलाही विचारायचं."

"म्हणजे काय विचारू?"

"डबा घेतला का, असं."

"अगं, तुझा डबा मीच भरते."

"तरी विचार."

शिवाय एक कलम होतं: बसमध्ये ऐकलेलं घरी आणायचं नाही. मी सगळं मान्य केलं. चौदा वर्षांच्या मुलीशी भांडून कुणी जिंकलंय?

तर शुक्रवारी परतीच्या बसमध्ये मागच्या सीटवर तिघी बसल्या होत्या. माझी मुलगी, तिची एक मैत्रीण जिला सगळे बातमीदार म्हणतात, आणि दुसरी, डोक्याला दहा चिमटे लावणारी, तिचं नाव फुलपाखरू. विज्ञानाच्या पेपरात कुणाला किती पडले, कोण कुणाच्या शेजारून उठून गेलं, हे सगळं उगाळून झालं.

"रविवारी काय?" बातमीदारने विचारलं. "आमच्याकडे पाहुणे. माझी खोली गेली."

"आम्ही खरेदीला," फुलपाखरू म्हणाली. "आई बुटांच्या दुकानात, बाबा बाहेर बाकावर, आणि मी दोघांचे निरोप पोचवत."

मग माझी मुलगी म्हणाली, "आम्ही तलावावर. बोटीत बसायला. आम्ही चौघं."

"चौघं? तुझे बाबा तर वेगळे..."

"चौघं म्हणजे चौघं. गणित कच्चं आहे का तुझं?"

मी एका पहिलीतल्या पोराचा मोजा वर ओढत होते. हात तिथेच राहिला. पुढून ड्रायव्हरकाका आरशात बघत म्हणाले, "ताई, दार." दार सताड उघडं होतं आणि बस निघाली होती. एवढ्या दिवसांत माझ्याकडून असं कधी झालं नव्हतं.

चौघं. तो, मोठी, धाकटा आणि मी. दुसरी कुठली बेरीज मला येतच नव्हती.

तिला विचारलं असतं तर कलम मोडलं असतं. म्हणून मी थांबले. शनिवारी रात्री जेवताना ती म्हणाली, "उद्या आपण लवकर निघायचंय. नंतर भुणभुण नको." आपण! मी त्या दोघांकडे पाठ करून दुधावर लक्ष ठेवून उभी होते. ती माझ्या पाठीशी बोलली की भावाशी, हे वळून बघितलं असतं तर कळलं असतं. मी वळले नाही. इतक्या महिन्यांनी आलेला शब्द, तो कुणाच्या नावचा आहे हे कशाला तपासा? नवरा स्वतः का बोलला नाही, याचंही उत्तर मी शोधून ठेवलं होतं. त्याला माफी कधी तोंडाने मागता येत नाही. पूर्वीही रुसवा काढायचा असला की आधी मुलांना पुढे ढकलायचा.

तर ती अशी सकाळ. मी निळा ड्रेस घातला. कपाटाच्या वरच्या फळीवरच्या सँडल काढल्या, त्यांच्यावरची धूळ पुसली. धाकटा उठून आला, त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"आई पण येणार?"

मी हसले. मोठी दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होती. तिने आधी माझ्या सँडल बघितल्या, मग डबा. तिने बांधलेली नाडी सोडली आणि परत बांधायला घेतली. मान वर केली नाही. मला वाटलं, लाजतेय.

हॉर्न वाजला.

जिन्यात धाकटा माझं बोट धरून उड्या मारत होता. मोठी आमच्या पुढे होती, आणि शेवटच्या वळणावर ती अचानक थांबली. "आई," ती म्हणाली. मग "काही नाही" म्हणाली आणि उतरली.

गाडीत पुढच्या सीटवर एक बाई बसली होती.

मी तिला ओळखलं, हे जास्त लागलं. ती चष्म्याच्या दुकानातली. दोन वर्षांपूर्वी मोठीला फळ्यावरचं दिसेना तेव्हा मीच तिला तिथे नेलं होतं. हिनेच मोठीच्या कानामागे काडी वाकवून बसवली होती आणि मऊ आवाजात विचारलं होतं, "आता नीट दिसतंय ना?" फार चांगली आहे ती मुलगी, असं घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं होतं. तूही चष्मा बदलून घे, असंही मीच म्हटलं होतं. त्याने बदलला. माझं एवढं तरी त्याने ऐकलं.

तो गाडीतून उतरला. माझा ड्रेस बघितला, डबा बघितला. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मला धाकट्याची भीती वाटत होती, की आता हा बोलणार.

बोलली मोठी. "आई कामाला निघालीय," ती म्हणाली, अगदी सहज, फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं. "आम्हाला डबा द्यायला थांबली."

रविवारी शाळेची बस नसते. हे तिला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, धाकट्यालाही ठाऊक होतं.

"हो," मी म्हटलं. "उशीरच झालाय मला."

ती बाई खाली उतरली. तिच्याबद्दल वाईट बोलायची सोय तिने ठेवली नाही. तिने दोन्ही हातांनी डबा घेतला. "ताई, कशाला एवढं केलंत? द्या, मी मांडीवर धरते." ताई. सगळी बस म्हणते, त्यात आणखी एकीची भर.

"कडी जरा वाकडी आहे," मी म्हटलं. "दाबून लावावी लागते."

"बघते मी," ती म्हणाली.

मग मला खरंच चालत निघावं लागलं. कामाला निघालेलं माणूस गाडी सुटेपर्यंत दारात कसं उभं राहणार? गाडी मागून आली, माझ्या बाजूने पुढे गेली. मागच्या काचेतून धाकटा हात हलवत होता. मोठी समोर बघत होती, मान ताठ. मी कोपऱ्यावर वळले, आणि पाय आपोआप बस उभी असते त्या आवारात गेले. दुसरं जाणार कुठे? सोंग घेतलं की शेवटपर्यंत नेलेलं बरं.

ड्रायव्हरकाका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बस धूत होते.

"आज कुठं? नटूनथटून?"

"कामाला आले."

त्यांनी नळीचं पाणी बंद केलं, माझ्या सँडल बघितल्या, आणि परत सुरू केलं. "आत बसा मग. पण पाय वर घेऊन, खाली ओलं आहे."

मी मागच्या सीटवर जाऊन बसले, मोठीच्या जागेवर. पहिल्यांदाच. तिथून पुढच्या सगळ्या सीटच्या पाठी दिसतात, आणि त्यांच्या मधल्या फटीतून दाराजवळची माझी घडीची सीट. दुसरं काहीच नाही. तिथे बसणाऱ्या मुलीला रोज येता-जाता माझ्या डोक्याची मागची बाजू बघावी लागते. ती कशी दिसत असेल, हे मला सांगता येणार नाही. माझी मीच कधी बघितलेली नाही.

काकांनी बाहेरून काचेवर पाणी मारलं. रडायला ती जागा चांगली होती. पण रडू आलं नाही, भूक लागली. माझं खाणं त्या डब्यात गेलं होतं.

संध्याकाळी मुलं आली. धाकटा उन्हाने लाल झाला होता, खिशात दगड भरले होते. मोठीने डबा ओट्यावर ठेवला, आणि आत जायच्या ऐवजी तिथेच उभी राहिली.

"मी सांगणार होते," ती म्हणाली.

"कधी?"

"जिन्यात."

"जिन्यात कशाला? गाडीत बसल्यावर काच खाली करून सांगायचं."

ती म्हणाली, "तुला वाटलंच कसं की..."

"तू म्हणालीस, आम्ही चौघं."

"बसमध्ये?" तिचा आवाज चढला. "तू ऐकतेस आमचं? ठरलं होतं ना आपलं?"

"कान बंद करून दार कसं उघडू? आणि काल म्हणालीस, आपण लवकर निघायचंय."

"ते मी त्याला म्हणत होते, आई." तिने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागली. "आणि बसमध्ये काय म्हणू मी? मी, माझा भाऊ, माझे बाबा आणि एक बाई? बाकीच्या सगळ्या आम्ही म्हणतात. आम्ही इकडे गेलो, आम्ही तिकडे गेलो. मला पण एक आम्ही पाहिजे."

"ती तुला आवडते?" मी विचारलं.

"वाईट नाहीये ती." आणि मग, अगदी हळू, "तेच तर."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. बसमध्ये नव्हतो, तरी ती आक्रसली. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर मी काहीतरी म्हणू शकले असते.

डबा घासून, कोरडा करून परत आला होता. दुसऱ्याच कुठल्या साबणाचा वास येत होता त्याला. मी झाकण उघडून बघितलं, आत काही उरलं नव्हतं. झाकण लावलं, कडीवर अंगठा ठेवला आणि नेहमीसारखा जोर द्यायला गेले, तर ती नुसत्या स्पर्शाने बसली. आवाज नाही. परत उघडली, परत लावली. काहीच नाही.

"तिने केली नीट," धाकटा मागून म्हणाला. "तिच्या पर्समध्ये छोटीशी पक्कड असते, चष्म्याच्या काड्या वाकवायची. आता मला पण लावता येते. बघ." आणि त्याने एका बोटाने लावून दाखवली.

"छान," मी म्हटलं.

त्याचे पाय धुतले, खिशातले दगड काढून खिडकीत मांडले, त्याला अंथरुणावर घेतलं. बोट कशी हलली, बाबा कसा घाबरला, ती कशी हसली, सगळं त्याने सांगितलं. मी हं हं करत होते. त्याचे डोळे मिटत आले, मग एकदम उघडले.

"आई, बाबा म्हणाला, पुढच्या रविवारी आपण परत जायचं. मी विचारलं, आई पण? तर तो म्हणाला, आपण म्हणजे आपण."

मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं.

"आणि माझी ताई म्हणते, आपण म्हणजे तू, ताई आणि मी." त्याने माझी बाही धरून ओढली. "मग आई, आपण म्हणजे नक्की कोण कोण?"