पाहुण्यांचा गारवा

आमच्या मालकाचे दोन कारखाने. एक वर डोंगरात, गार हवेत, दुसरा इथे खाली, भट्टीसारख्या उकाड्यात. यंत्रं तीच, सदरे तेच, मजुरी नगावर. वरच्या बाया दिवसभर शिवतात. इथे दुपारी पत्रा तापला की हात घामेजतात, पांढऱ्या कापडावर बोटं उमटतात आणि डागाळलेल्या सदऱ्याचे पैसे शिवणारीच्याच मजुरीतून कापतात. म्हणून आम्ही मनगटाला फडकी बांधतो आणि भर दुपारी हात आवरता घेतो. वरच्यांची पोरं शाळेत जातात, आमची सदऱ्यांना बटणं लावत बसतात. त्या हुशार आणि आम्ही ढ असं काही नाही, पण हे मजुरीला कोण समजावणार?

मालक म्हणाला, खालचा कारखाना बंद करतो, परवडत नाही. आम्ही हातापाया पडून एवढंच मागितलं की कुणीतरी ऐन उन्हाळ्यात येऊन बघा. मग वरचे मोठे साहेब यायचं ठरलं.

माझी धाकटी जाऊ शेजारच्याच यंत्रावर बसते. ती म्हणाली, पाहुणा आपल्या दारी येतोय, त्याचे हाल व्हायला नकोत. सगळ्यांनाच पटलं. आम्ही होते नव्हते तेवढे पंखे साहेबांच्या खुर्चीकडे वळवले, बर्फाची लादी आणून पुढ्यात ठेवली, खिडकीला ओली चादर लावली.

साहेब दुपारभर बसले. आमच्याकडे वारा फिरकत नव्हता, पण पाहुण्यापुढे रडगाणं कोण गाणार? धाकटीला भोवळ आली तेव्हा मी तिला मागे नेऊन तोंडावर पाणी मारलं आणि साहेबांना सांगितलं, सकाळपासून उपाशी आहे.

निघताना साहेबांनी कोट सारखा केला. दुपारभर त्यांनी तो काढलाच नव्हता.

"उकाड्याचं फार ऐकलं होतं," ते म्हणाले. "पण मला तर काहीच जाणवलं नाही. सवय लागायला हवी कामाची."

माझं डोकंच फिरलं. पण बोलली धाकटी. "साहेब, सगळे पंखे तुमच्याकडे होते."

"हो ना, फार छान सोय केलीत," असं म्हणून ते गाडीत बसले.

पुढच्याच महिन्यात यंत्रं ट्रकमध्ये चढली. उचलायला आम्हीच हात लावला. धाकटीने ड्रायव्हरला विचारलं, वर बायका लागतील का, आम्ही कुठेही राहू.

"बायका पुष्कळ आहेत ताई," तो दोर आवळत म्हणाला. "यंत्रंच कमी पडत होती."