गवताची मूठ

"अगं, ढग बघ कसा डोंगरावर येऊन बसलाय. आज न्हाई पेरलं तर कवा पेरायचं, नाताळाला?" कमरेचा पट्टा आवळत सासू खेकसली.

"मला न्हाई जमायचं, आत्ती," अचांग म्हणाली. "नदीवरचा दोर बघितला की पाय मागं येतोय. द्या ते शेत कुनाला बी. मी जाते खाली शहरात भांडी घासायला."

अचांग मुळात भित्री नव्हती. लहानपणापासून ती चीनच्या डोंगरातल्या नू नदीवरच्या या लोखंडी दोरावरून कप्पीला लटकून ये-जा करत आली होती. पण गेल्या पेरणीला कप्पी मधोमध अडकली आणि खाली नदी उकळत असताना ती तासभर लोंबकळत राहिली. तेव्हापासून नदीचा नुसता आवाज कानी आला तरी तिचे तळवे घामेजायचे. नवरा वारल्यावर पलीकडचं मक्याचं शेत तिच्याकडे आलं होतं. पण गावाचा रिवाज सरळ होता. जमीन पडीक ठेवली की गेली, मग ती दुसऱ्याची.

"देवापाशी काय मागितलंस?" सासूनं विचारलं.

"भीती काढून घे म्हनलं."

"मग?"

"न्हाई काढली."

"तर भीतीसकट ये," असं म्हणून म्हातारीनं पाय उचलले आणि पाणवठ्यावर निघावं तशी सर्रकन पलीकडे गेलीसुद्धा.

काठावर अचांग एकटी उरली. पाठीवर बियाणं, हातात गवताची मूठ. वेग फार वाढला तर ही मूठ दोरावर दाबून तो कमी करायचा. तिनं डोळे मिटले, प्रभूचं नाव घेतलं आणि पाय सोडले.

वारं कानात घुसलं. खाली नदी गरजली आणि तिची गाळण उडाली. तिनं मूठ गच्च दाबली, दाबू नये तिथंच दाबली. वेग मेला. पलीकडचा काठ चार खाटांच्या अंतरावर असताना कप्पी थांबली.

"वढ! हातानं वढ सोताला!" सासू ओरडली.

मूठ टाकून अचांगनं दोर धरला. एक हात पुढे, मग दुसरा. खांदे भरून आले, तळवे सोलले. हात सोडले असते तर ती दोराच्या झोळात घसरत मागे मधोमध गेली असती. मग माणसं येऊन तिला अलीकडे ओढून नेणार, बिचारी म्हणणार, आणि पुन्हा कधी कुणी तिला दोरावर चढायला सांगणार नाही. तिला ते फार गोड वाटलं. बोटं सैल पडू लागली.

"देवा, मला न्हाई हुत," ती रडत म्हणाली. "तू धर."

कुणी धरलं नाही. तिच्या तोंडून मात्र रविवारचं भजन निघालं. चर्चमध्ये ते चार आवाजांत गातात, त्यात तिचा वाटा बायकांच्या खालच्या आवाजाचा. एकट्यानं म्हटला तर त्याला ना चाल ना गोडी. तरी ती थरथरत म्हणू लागली, एका शब्दाला एक हात.

पलीकडच्या काठावर शेजारीण अदू पेरणीसाठी आधीच आली होती. तिनं वरचा आवाज उचलला. वरच्या शेतातल्या गड्यांनी जाडा आवाज मिळवला. सासूनं नेहमीसारखा भलताच सूर लावला. आता मध्येच थांबणं अचांगला जमेना, कारण ती थांबली की सगळ्यांचं गाणं मोडलं असतं. हात, शब्द, हात, शब्द. शेवटी सासूनं तिची वेणीच धरली आणि तिला काठावर ओढून घेतलं.

"वेणी सोडा, आत्ती!"

"नदीनं धरली असती तर चाललं असतं व्हय?"

अचांग मातीत बसून ढसाढसा रडली. मग उठली, सोललेल्या हातांना फडकं गुंडाळलं आणि पेरायला लागली. मक्याची शेवटची ओळ झाली तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

परतीचा दोर दुसरा होता, उलट्या उताराचा, ओला आणि काळा. देवानं भीती अजूनही काढून घेतली नव्हती.

"आदी कोन जातंय?" अदूनं विचारलं.

"मी," अचांग पट्टा आवळत म्हणाली. "मागं ऱ्हायले तर पाय निघायचा न्हाई. तुमी तेवढं गात ऱ्हावा."